पाच स्पेसचा पॅरा

५ सप्टेंबर १९८८, सोमवार
ऑफिसात कॉम्प्युटर आला. दोन हमाल, कंपनीचा एक माणूस, आणि साहेब स्वतः जिन्यात उभे राहून "सांभाळून, सांभाळून". चौदा वर्षांत आमच्या वकीलसाहेबांना मी कुणासाठी जिन्यात उभं राहिलेलं पाहिलं नाही. पक्षकारांसाठी तर नाहीच नाही. जुन्या फायलींची खोली रिकामी करून तिथं त्याची स्थापना झाली. खिडकीला पडदा, खाली सतरंजी, दाराशी चपला काढायच्या. गार हवेचं मशीन बसवणार आहेत म्हणे. मे महिन्यात कार्बनची शाई बोटांवर वितळते म्हणून आम्ही दोघी टाइपिस्टनी, मी आणि मेश्रामबाईंनी, कूलर मागितला होता, तर उत्तर आलं, खिडकी उघडी ठेवा.
मेश्रामबाई दारात थांबून म्हणाल्या, "पाय धुऊन जा लागते का वं अंदर?"
दोघी हसलो. हसू जरा लवकरच आटोपलं.

७ सप्टें., बुध.
कंपनीचा पाठक नावाचा माणूस आठवडाभर दुपारी शिकवणार. आज चालू कसा करायचा, बंद कसा करायचा. फ्लॉपी वाकवायची नाही, तिच्यावर चहा सांडायचा नाही. हिरवी अक्षरं. घंटी नाही! ओळ संपत आल्याचं कळायचं कसं? मे. बाईंचा डावा हात ओळ संपली की हवेत जातो, कॅरेजचा दांडा शोधतो. माझाही जातो, पण मी लपवते.
मे. बाई माझ्या गुरू. ७४ साली सावनेरहून सर्टिफिकेट घेऊन आले तेव्हा स्पीड चाळीसचा होता आणि पिटिशन कशाशी खातात ते ठाऊक नव्हतं. त्यांनी शेजारी बसवून घेतलं. "पॅरा म्हंजे पाच स्पेस. अंगठ्यानं मोजजो, डोयानं नाई." कोर्टाच्या कामाचं मला जे येतं ते सगळं त्यांच्याकडचं. त्यांना या खुर्चीवर एकोणीस वर्षं झाली.

९ सप्टें., शुक्र.
मे. बाई रजेवर. कुहीला आई पडली, भावानं निरोप धाडला.
पाठकनं खरी विद्या आज काढली. म्हणे, "मॅडम, ये टाइपरायटर नहीं है, हे डोक्यातून काढून टाका." ओळीच्या शेवटी रिटर्न दाबायचं नाही, मशीन आपणच खाली उतरतं. रिटर्न फक्त पॅरा संपल्यावर. आणि पॅरा आत घ्यायला स्पेस मारायच्या नाहीत. वर एक पट्टी असते, तिच्यावर एकदा खूण करून ठेवायची, मग एक कळ दाबली की पॅरा आपोआप आत. निकालपत्रातला उतारा दोन्हीकडून आत घ्यायचा तर त्याचीही एकच आज्ञा, सगळा उतारा एकदम सरकतो. मग मार्जिन कितीही बदला, मजकूर आपला आपण नव्यानं बसतो.
स्पेस मारल्या तर? तेही दाखवलं त्यानं. पडद्यावर छान दिसतं, कागदावरही छान उतरतं. पण मार्जिन हललं की ओळी पुढंमागं होतात आणि त्या स्पेस मजकुराच्या मधोमध येऊन बसतात. उंदरानं कुरतडल्यासारखं पान. असं बिघडलेलं भराभर साफ कसं करायचं, तीही युक्ती सांगितली. सगळं शॉर्टहँडमध्ये उतरवून घेतलं.
जाताना म्हणाला, "दुसऱ्या मॅडमला तुम्हीच सांगून द्या. सोमवारपासून मी प्रिंटर घेतो, मागे वळायला टाइम नाही."
सांगते म्हटलं. मनापासून म्हटलं होतं, एवढं इथं लिहून ठेवते.

१२ सप्टें., सोम.
सकाळी मे. बाई आल्या, आईचं खुब्याचं हाड मोडलंय. मी वही काढली होती. म्हणजे टेबलावर ठेवली होती, उघडायचीच होती. तेवढ्यात साहेबांनी दोघींना आत बोलावलं.
डिसेंबरअखेर दोन्ही टाइपरायटर विकणार. मशीन एक, तेव्हा माणूसही एकच. "ज्याचा हात बसेल तो राहील. मला दोघी सारख्याच."
बाहेर आलो. मे. बाई पाणी प्यायल्या, मलाही दिलं. मग म्हणाल्या, "शालू, शुक्रवारी काय शिकवलं वं त्यानं?"
"काही विशेष नाही. मागचंच घोकून घेतलं."
वही पर्समध्ये टाकली. गुरूची विद्या गुरूलाच फळली म्हणतात, ती ही अशी.

१३ सप्टें., मंगळ.
सांगायचं ठरवून गेले. सांगितलं नाही.
ह्यांची गिरणी बंद होऊन दोन वर्षं झाली. सकाळी पेपर, दुपारी तोच पेपर. आता तर माझी बस चुकू नये म्हणून मला स्टॉपवर सोडायला येतात, परत जाताना सावकाश चालतात, घरी लवकर पोचू नये म्हणून. माझी नोकरी गेली तर स्टॉपवरही जायला कारण उरायचं नाही. हे कारण झालं, सबब नव्हे. माझं मलाच कळतं.
आणि मे. बाईंचं? नवरा वारून अकरा वर्षं, सासूला दिसत नाही, मुलगी पॉलिटेक्निकला. हे मला ठाऊक नाही असं थोडंच आहे.

२२ सप्टें., गुरु.
एक दिवस त्या मशीनवर, एक दिवस मी. आज त्यांचा दिवस. मी माझ्या टाइपरायटरवरून तिरक्या डोळ्यानं बघते. पॅरा आला की अंगठा पाच वेळा. ओळ संपली की रिटर्न. उतारा आला की प्रत्येक ओळीच्या आधी दहा स्पेस, मोजून, एकही चुकत नाही. दिसतंही इतकं सुरेख की साहेब थांबून म्हणाले, "वा, मेश्रामबाई."
बाई लाजल्या. पन्नाशीच्या बाईला असं लाजताना पाहून मला इतकं घाण वाटलं.

५ ऑक्टो., बुध.
पाठक प्रिंटरची रिबन बदलायला आला होता. जिन्यातच गाठून विचारलं, "उनको बता दिया ना?" मी मान हलवली. होकारार्थी. आधी एक खोटं होतं, आता त्याला जोड मिळाली.
तो खोलीत जाऊन मे. बाईंच्या मागं उभा राहिला तेव्हा मी एकच ओळ दोनदा टाइप केली. त्यानं रिबन लावली, चहा प्यायला, पडद्याकडे बघितलंही नाही. चोराच्या मनात चांदणं.

१९ ऑक्टो., बुध., खंडेनवमी
ऑफिसात मशीनची पूजा. दरवर्षी दोन्ही टाइपरायटरला झेंडूच्या माळा, यंदा मोठी माळ कॉम्प्युटरला. साहेबांच्या मिसेसनी थेट कीबोर्डवर हळदकुंकू वाहिलं. साहेब ओरडले, मग त्यांनीच दाढीच्या ब्रशनं कुंकू झाडलं. ‘एस’ची कळ दुपारपर्यंत अडकत होती.
मे. बाई पूजेला उभ्या राहत नाहीत, पण आदल्या दिवशी मशीन पेट्रोलनं धुऊन लख्ख करून ठेवतात. दरवर्षीचा शिरस्ता. काल माझंही धुतलं, मी न सांगता. उद्या दीक्षाभूमीवर जाणार, घरी गावाकडचे चौदा पाहुणे उतरलेत. "येजो आज संध्याकाळी जेवाले," म्हणाल्या.
गेले नाही. डोकं दुखत होतं म्हणून सांगेन.

१४ नोव्हें., सोम.
दिवाळी झाली. लिहिण्यासारखं काही नाही. म्हणजे आहे ते एकच, आणि ते रोज तेच.
आता सांगावं तर दोन महिने काहून लपवलं हे आधी सांगावं लागेल. जितके दिवस जातात तितकं…

२४ नोव्हें., गुरु.
आज झालं.
सावनेरच्या एका मास्तरांची केस. शाळेनं काढून टाकलेले. अर्ज दाखल करायची आज शेवटची तारीख. बावीस पानं, मे. बाईंनी टाइप केलेली, त्यात निकालांचे उतारेच सहा पानं. दीड वाजता कोर्टातून परत आली. डावीकडं शिलाईला जागा पुरत नाही. कोर्टाची खिडकी साडेचारला बंद. मास्तर बाकावर जेवणाचा डबा मांडीवर घेऊन बसलेले, डबा उघडलेला नाही.
साहेब म्हणाले, "टाइपरायटर असता तर मेलो असतो. मशीन आहे ना, मार्जिन वाढवा, पाच मिनिटांचं काम."
मे. बाईंनी मार्जिन वाढवलं.
पान फुटलं. एक ओळ लांब, पुढच्या ओळीत एकच शब्द, परत लांब, परत एक शब्द. उताऱ्यांमध्ये तर जागोजाग भोकं. त्यांना वाटलं त्यांचीच कुठली कळ चुकली. मागं नेलं, पुन्हा केलं, पुन्हा तेच. मग एकेक स्पेस पुसायला लागल्या. बावीस पानं. साहेब मागं उभे, घड्याळ बघताहेत. मास्तर दारात येऊन उभे राहिले, चपला काढायचं भान होतं त्यांना, हातातच धरल्या होत्या. मे. बाईंच्या मानेवर घाम, त्या गार खोलीत.
मी गप्प बसले असते तर मास्तर बुडाले असते. उठले तर मी. उठले.
"बाई, मला बसू द्या."
बोटं मला न विचारता चालली. पाठकची साफ करायची युक्ती, वरच्या पट्टीवरची खूण, उताऱ्याची आज्ञा. मे. बाई बाजूला झाल्या, पण गेल्या नाहीत. जुनी छापील प्रत हातात घेऊन उभ्यानं मला वाचून दाखवायला लागल्या, आम्ही नेहमी पानं ताडून बघतो तशा. "नवा पॅरा. उतारा सुरू. उतारा संपला. नवा पॅरा." आवाज नेहमीचा. पाऊण तासात पानं सरळ. छापून, शिवून चार वाजता खिडकीवर पोचली. साहेब माझ्याकडं बघून म्हणाले, "ग्रेट."
मग खोलीत आम्ही दोघीच. त्या कागद गोळा करत होत्या.
"मी कुहीले होती, त्या दिवशी शिकली का हे?"
"हो."
माठाकडं गेल्या. पाणी प्यायल्या. आज मला विचारलं नाही.

२५ नोव्हें., शुक्र.
दिवसभरात तीन वाक्यं. "कात्री दे." "खाली चहावाला आला." "निघते." शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांना शिव्या देता येत नाहीत.
काल रात्री घरी ह्यांना सगळं सांगितलं. म्हणाले, "यात चोरी काय केली तू? ज्याचं त्यानं शिकावं. अन् त्याईच्यात कोणी ना कोणी लावूनच देते नोकरीले." असं बोलू नका म्हटलं. कुणाबद्दल बोलता, चौदा वर्षं त्यांच्या डब्यातलं खाल्लंय मी. तर पेपर उघडून बसले.
आज सकाळी उठून दाढी केली ह्यांनी. किती दिवसांनी. खुशीत होते. मला ते बघवेना.

३० नोव्हें., बुध.
साहेबांनी सांगितलं. मी राहायचं. मे. बाई ३१ डिसेंबरपर्यंत. त्या "बरं" म्हणाल्या, बाहेर येऊन अर्धवट राहिलेलं नोटिशीचं पान पुरं केलं. एकही खाडाखोड नाही.

२ डिसें., शुक्र.
साहेबांकडं गेले. एकटीच. सगळं सांगितलं, तारखेसकट. पाठकनं सांगायला सांगितलं होतं, मी सांगितलं नाही, त्यांना शिकवलंच गेलं नाही, मग हात बसणार कसा. तुम्ही दोघींना सारखं म्हणालात, ते सारखं नव्हतं.
साहेबांनी चष्मा पुसला. "मला माहीत आहे. पाठकनं त्याच दिवशी संध्याकाळी फोनवर सांगितलं होतं, एकीला शिकवलं, ती दुसरीला सांगेल. पुढं काय होतं ते मी बघत होतो."
त्यांनी चष्मा परत घातला.
"वकिलाच्या ऑफिसात पोटात गोष्ट ठेवणारं माणूस लागतं, शालिनीबाई. मेश्रामबाई फार सरळ आहेत. जा, ती नोटीस पूर्ण करा."
म्हणजे ज्यासाठी मला काढायला हवं होतं त्याचसाठी ठेवलं. बाहेर आले. नोटीस पूर्ण केली. त्यांनी सांगितलं तेही केलंच ना मी.

३१ डिसें., शनि.
मे. बाईंचा शेवटचा दिवस. पेढे नाहीत, हार नाही, साहेब नागपुरात नव्हते. त्यांनी मशीनवर कव्हर घातलं, ड्रॉवरमधला कंगवा, सुई-दोरा, अमृतांजनची डबी पिशवीत भरली. मी म्हटलं, "बाई, मला तुमच्याशी बोलायचंय."
"बोल."
मी कव्हरचा कोपरा सारखा केला. त्यांनीच म्हटलं, "तू त्या सोमवारी ‘काही विशेष नाही’ म्हणली, तवाच मले समजलं. तुया डोया हलते खोटं बोलताना. पहिल्या दिवसापासून पाहून राहिली मी तुले, चौदा वर्षं."
"मग विचारलं का नाही पुन्हा?"
"मले वाटलं, घरी गिरणी बंद, भ्याली हाय बिचारी. उद्या सांगन. रोज वाटे, उद्या सांगन."
पिशवी उचलून गेल्या. मी जिन्यापर्यंत गेले. मागं बघितलं नाही त्यांनी, मीही हाक मारली नाही.

४ जाने. १९८९, बुध.
खोलीत एकटी. ताडून बघायला दुसरं माणूस नाही, आपलंच आपण वाचायचं. आज दोन चुका तशाच गेल्या.
साहेबांच्या ओळखीचे एक वकील, धरमपेठेत. त्यांनीही मशीन घेतलंय, अनुभवी टाइपिस्ट हवी. साहेबांनी मला विचारलं, "मेश्रामबाईंना येतं का? तुम्ही सांगा, तसं कळवतो. मंगळवारी, दहा तारखेला ते काम करवून बघतील."
"येतं," म्हटलं.
अजून येत नाही. सहा दिवस आहेत. ऑफिसची रविवारची किल्ली मागून घेतली. साहेब हसले. काय समजायचं ते समजोत.

६ जाने., शुक्र.
संध्याकाळी मे. बाईंच्या घरी, इंदोऱ्याला, गेले. मे. बाई ओट्यावर तांदूळ निवडत होत्या. बस म्हणाल्या. सासूनं आतून विचारलं कोण आलं, तर म्हणाल्या, "ऑफिसातली शालू." नुसतं शालू म्हणायच्या आधी.
धरमपेठेचं सांगितलं. रविवारी या, मी सगळं शिकवते म्हटलं. पॅरा, उतारा, मार्जिन, सगळं. दोन तासांचं काम आहे, तुमचा हात तर माझ्यापेक्षा…
त्यांनी सूप खाली ठेवलं. रागानं नाही, भाजी घेताना विचारावं तशा म्हणाल्या, "पुरं शिकवशीन, का अर्धं?"
"पुरं."
"हे तू म्हणून राहिली."
शपथ घेऊ? मुलीनं चहा आणला, प्यायले. निघताना दहा वाजता ऑफिस उघडते म्हटलं. हो म्हणाल्या नाहीत, नाही म्हणाल्या नाहीत. बसमध्ये रडले, खिडकीकडं तोंड करून. कंडक्टरनं दोनदा तिकीट विचारलं.

८ जाने., रवि.
आल्या. सव्वादहाला. दाराशी चपला काढल्या. हातात एक जाड इंग्रजी पुस्तक, याच मशीनवरच्या कामाचं, पॉलिटेक्निकच्या लायब्ररीचा शिक्का असलेलं. मुलीकडून मागवलं असणार. मध्ये मध्ये कागदाच्या पट्ट्या घातलेल्या.
मी म्हटलं, "वरच्या पट्टीवर आधी खूण करायची." त्यांनी पुस्तक उघडलं, बोटानं ओळ शोधली, सापडली, मान हलवली, मग कळ दाबली. मी पुढचं सांगितलं. पुन्हा पुस्तक, पुन्हा बोट, मग कळ. मी सांगितलेली एकही गोष्ट त्यांनी ताडून बघितल्याशिवाय केली नाही. एका ठिकाणी पुस्तकात दुसरीच कळ होती. दोघी थांबलो. त्यांनी माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, "दोन्हीनं होतं, बाई, करून बघा." त्यांनी आधी पुस्तकातली दाबली. मग माझी. दोन्हीनं झालं.
तीन वाजेस्तोवर पॅरा आणि मार्जिन झालं. उतारा राहिला. मंगळवारी त्यांची परीक्षा. उद्या ऑफिस सुटल्यावर थांबते म्हटलं. त्यांनी पुस्तकात पट्टी घातली, पदर खोचला, "पाहू," म्हणाल्या.